जुनी वॅगन आर, चढाला क्लच घसरतोय: लगेच क्लच सेट बदलायचा की आधी काही तपासायचं?

सुमेधा_सातारा

नमस्कार मंडळी. बाबांची 2008 ची वॅगन आर आहे, 1.1 लिटर पेट्रोल. रीडिंग 94 हजारांच्या पुढे गेलंय. बाबा आता गाडी चालवत नाहीत, त्यामुळे ती माझ्याकडे आली. 2023 मध्ये आरटीओत फेरनोंदणी करून घेतली, म्हणजे 2028 पर्यंत कागदपत्रांची काळजी नाही. इंजिन ठणठणीत आहे, पत्रा कुठे सडलेला नाही.

गेला महिनाभर एक त्रास सुरू झालाय. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी चढायला लागलं की तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने ओढत नाही. माझ्या मॉडेलला आरपीएमचा काटा नाही, तरी आवाजावरून फरक लगेच कळतो. माथ्यावर पोचेपर्यंत जळका वास येतो, उतारावर तो जातो. साताऱ्यात गावातल्या गावात फिरताना काहीच जाणवत नाही. पेडल पूर्वीपेक्षा कडक लागतं आणि क्लच अगदी वर, पाय जवळजवळ सोडल्यावर उचलतो.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी चक्करही मारली नाही. ऐकून घेऊन थेट "पूर्ण सेट, फ्लायव्हील, केबल, साडेचौदा हजार" असं सांगितलं. गाडीला पैसे लावायला माझी ना नाही, बाबांचा जीव आहे तिच्यात. पण कशासाठी लावतोय ते कळलं पाहिजे. आधी स्वतः काय तपासता येईल?

गिरीश_नाशिक

सुमेधाताई, लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं निदान तिथेच झालंय. क्लच घसरतोय यात शंका नाही. का घसरतोय हे मात्र अजून ठरायचंय, आणि त्याची कारणं तीन असू शकतात: केबलमधला मोकळेपणा संपलाय, प्लेट झिजलीय, किंवा प्लेटवर तेल आलंय. पहिल्याला जवळजवळ खर्च नाही. म्हणून सुरुवात तिथून.

तुमच्या गाडीचा क्लच केबलवर चालतो. फ्लायव्हील (इंजिनबरोबर फिरणारं जड चाक) आणि प्रेशर प्लेट यांच्या मधे क्लच प्लेट दाबून धरलेली असते, आणि तो दाब डायफ्राम स्प्रिंग देते. पेडल दाबलं की केबल फोर्क ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग डायफ्रामच्या बोटांवर (स्प्रिंगच्या मधल्या पट्ट्यांवर) दाब देतं आणि प्लेट सुटते. आता प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, आणि डायफ्रामच्या बोटांची टोकं उलट दिशेला, बेअरिंगकडे येतात. म्हणजे जसजशी झीज होते तसतसा पेडलचा मोकळा खेळ कमी होत जातो. एक दिवस तो शून्यावर येतो. त्यानंतर बेअरिंग कायम बोटांवर टेकून राहतं आणि स्प्रिंगचा काही दाब तिथेच खर्च होतो. तुमचा पाय पेडलवर नसला तरी क्लच थोडासा दाबलेलाच राहतो. मग प्लेट घसरते, तापते, आणखी झिजते.

हे घरी बघता येतं. इंजिन बंद ठेवा. पेडल पायाने नाही, हाताच्या बोटांनी हळू दाबा. सुरुवातीला थोडं अंतर पेडल अगदी हलकं जायला हवं आणि मग एकदम जोर लागायला हवा. हलकं जाणारं ते अंतर म्हणजे फ्री प्ले. नेमकं किती हवं ते मालकाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते काहीच नसेल तर गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाशी जो नट आहे, तो सोडवून खेळ परत आणता येतो. मेस्त्रीचं दहा मिनिटांचं काम.

त्यानंतरही घसरत असेल तर मात्र प्लेट संपलीय असं समजा. पेडल कडक होणं हेही झिजलेल्या प्लेटचं लक्षण आहे, कारण डायफ्रामचा कोन बदलतो आणि तो दाबायला जास्त जोर लागतो. केबल आतून गंजली असली तरी पेडल जड होतं, म्हणून तीही बघून घ्या.

पराग_ठाणे

सोपी चाचणी सांगतो. सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढा, उजवा पाय ब्रेकवर ठेवा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि क्लच सोडा. इंजिन धक्का देऊन लगेच बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट गेली. समोर भिंत किंवा माणूस नसेल अशा जागी करा.

गिरीश_नाशिक

परागभाऊ, चाचणी बरोबर आहे पण एकतर्फी आहे. इंजिन चालू राहिलं तर क्लच नक्की गेलाय. बंद पडलं म्हणून क्लच चांगला, असं मात्र म्हणता येत नाही. आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिनचा जोर इतका कमी असतो की अर्धवट झिजलेली प्लेटसुद्धा तेवढा जोर धरून ठेवते. ताईंची गाडी गावात नीट चालते आणि घाटातच घसरते, म्हणजे ती या चाचणीत बहुतेक पास होईल.

रस्त्यावरची चाचणी जास्त खरी. मोकळा रस्ता, हलका चढ, वरचा गिअर, वेग चाळीसच्या आसपास, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. चांगल्या क्लचला इंजिन कुरकुरत हळूहळू वेग घेतं, आवाज आणि वेग बरोबरीने वाढतात. घसरणाऱ्या क्लचला आवाज आधी उडी मारतो, वेग मागे राहतो. एकदाच करा. दर वेळी प्लेट तापते आणि उरलेलं आयुष्य जातं.

तात्या_पाटण

ताई, मी एसटीत चालक होतो. कराड-चिपळूण मार्गावर कुंभार्ली घाटात उभी नोकरी गेली. आता निवृत्त आहे. तांत्रिक बाजू गिरीशरावांनी सांगितलीच, मी चालवण्यातलं सांगतो. नवीन प्लेट टाकली तरी सवय तीच राहिली तर ती पण जाणार.

घाटात पुढची गाडी थांबली की कितीतरी लोक हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. ब्रेकवर पाय नाही, हँडब्रेक नाही, नुसता क्लच आणि ॲक्सिलरेटर. गाडी जागेवर उभी, फ्लायव्हील फिरतंय आणि प्लेट त्याला घासतेय. सगळी उष्णता तिथंच. सपाटीला महिनाभर चालवून जेवढी झीज होणार नाही तेवढी अशा एका ट्रॅफिक जॅममध्ये होते. गाडी थांबली की हँडब्रेक ओढायचा, न्यूट्रल करायचं, पाय मोकळे करायचे. निघताना पहिला गिअर, क्लच उचलत आणायचा, गाडीचं नाक जरा उचललं की हँडब्रेक सोडायचा. गाडी मागं एक इंच जात नाही.

दुसरं, गिअर बदलून झाला की डावा पाय पेडलवरून काढून खाली ठेवायचा. नुसता टेकवून ठेवला तरी वजन पडतं. केबलच्या गाडीत खेळ कमी असला तर तेवढं वजन पुरतं.

तिसरं म्हणजे चढाला रिव्हर्स घेणं. रिव्हर्स गिअर खालचा असतो खरा, पण माणूस हळू जायचं म्हणून पूर्णवेळ हाफ क्लचवर घेतो. बंगल्याचा रॅम्प उभा असेल तर गाडी सरळ आत घ्या आणि उतारावर रिव्हर्सने बाहेर काढा.

तुम्ही खंबाटकीत तिसऱ्यावर चढताय. क्लच असा असताना आवाज चढायच्या आधीच दुसऱ्यावर घ्या. इंजिनला सोपं जातं, प्लेटवर ताण कमी येतो.

सुमेधा_सातारा

तात्या, मनापासून आभार. आमच्या घराचा रॅम्प उभाच आहे आणि बाबा कायम रिव्हर्सने आत लावायचे. उद्यापासून पद्धत बदलते.

गिरीशदादा, पेडल हाताने दाबून बघितलं. खेळ अजिबात नाही, पहिल्या क्षणापासून जोर लागतो. कॉलनीतल्या मेस्त्रींनी नट सोडवून खेळ आणून दिला. ते म्हणाले, "ताई, ॲडजस्टमेंटचे आटे संपत आलेत, याच्यापुढं काही उरत नाही." पैसे घेतले नाहीत. पेडल हलकं झालं, क्लच खाली उचलायला लागला. गावात एकदम मस्त वाटतेय. रविवारी पुण्याला जाऊन येते आणि सांगते.

विशाखा_चिपळूण

जरा वेगळा पण जवळचाच अनुभव. घसरणं नाही, उलट प्रकार: क्लच सुटतच नाही. आमची गाडी पावसाळ्यात बरेच आठवडे उघड्यावर उभी होती. नंतर इंजिन सुरू झालं, पण कोणताच गिअर पडेना, रिव्हर्सला तर करकर आवाज. इथल्या दमट हवेत फ्लायव्हीलच्या लोखंडी तोंडावर गंज चढतो आणि प्लेट त्याला चिकटून बसते. पेडल दाबलं तरी ती फ्लायव्हीलबरोबर फिरतच राहते.

आमच्या मेस्त्रींनी इंजिन आधी गरम केलं, बंद केलं, मोकळ्या मैदानात दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारला. गाडी चालायला लागली तसा क्लच दाबलेलाच ठेवून ब्रेक मारला, थोडा ॲक्सिलरेटर दिला, परत ब्रेक. खट्ट आवाज होऊन प्लेट सुटली. समोर भरपूर मोकळी जागा असल्याशिवाय हे कुणी करू नये. कोकणात ज्यांची गाडी पावसाळाभर उभी असते त्यांनी आठवड्यातून एकदा तरी ती थोडी फिरवावी, नुसती जागेवर सुरू करून उपयोग नाही.

सुमेधा_सातारा

पुण्याला जाऊन आले. येताना खंबाटकीत परत तेच, पहिल्यापेक्षा थोडं कमी पण घसरलीच. दुसऱ्या गिअरवर निभावली. म्हणजे प्लेटच. आता प्रश्न असा की फक्त प्लेट टाकायची की सेट? फ्लायव्हील खरंच लागतं का? आणि माल कोणता घ्यायचा?

मंदार_कोथरूड

फक्त प्लेट टाका. प्लेट सेटच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. प्रेशर प्लेट लोखंडी असते, तिला काय होतंय? सतरा वर्षांच्या गाडीला पूर्ण सेट म्हणजे उगाच खर्च. आमच्या जुन्या झेनला नुसती प्लेट टाकली होती, व्यवस्थित चालली.

गिरीश_नाशिक

मंदारभाऊ, तुमची झेन चालली याचा आनंद आहे, पण सुमेधाताईंना मी हा सल्ला देणार नाही.

खर्चाचा मोठा भाग आहे गिअरबॉक्स उतरवण्याचा. दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, गिअर ऑइल सोडायचं, माउंटिंग सोडायचं, इंजिनला खालून आधार द्यायचा, मग गिअरबॉक्स बाहेर. सरावलेल्या माणसालाही अर्धा दिवस लागतो. डायफ्राम स्प्रिंग हजारो वेळा वाकलेली असते, शिवाय घाटात प्लेट घसरून तापते तेव्हा प्रेशर प्लेटही तितकीच तापते. तिचं तोंड काचेसारखं गुळगुळीत होतं किंवा त्यावर बारीक चिरा पडतात. नवीन प्लेट एका बाजूने नव्या जोमाने घासणार आणि दुसऱ्या बाजूने मऊ पडलेल्या स्प्रिंगच्या भरवशावर राहणार. रिलीज बेअरिंग तर इतक्या वर्षांत आतलं ग्रीस संपवून बसलेलं असतं. ते सहा महिन्यांनी ओरडायला लागलं तर एका बेअरिंगसाठी परत संपूर्ण गिअरबॉक्स खाली.

म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र. यात मी तडजोड करत नाही. काटकसर करायचीच असेल तर फ्लायव्हीलवर करा.

तुमच्या गाडीचं फ्लायव्हील एकसंध ओतीव लोखंडाचं आहे. ते बदलायची वेळ क्वचित येते. गिअरबॉक्स उतरल्यावर स्वतः बघा: तोंडावर निळसर डाग म्हणजे ते तापलंय, डाग पुसट असतील आणि नख फिरवल्यावर कुठे अडकत नसेल तर पॉलिश पेपर मारून चालतं. खोल चरे असतील तर चांगल्या वर्कशॉपमधून तोंड घासून घ्यायचं. आरपार चिरा किंवा रिंग गिअरचे (फ्लायव्हीलच्या कडेचे, स्टार्टर ज्यात अडकतो ते) दात खाल्लेले असतील तरच नवीन. न उघडताच फ्लायव्हील लिहून देणाऱ्याकडे काम देऊ नका. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत दोन तुकड्यांचं, मधे स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील असतं. त्याचा खर्च मोठा असतो आणि ते असं घासून चालत नाही. तो हिशोब तुमच्या गाडीला लागू नाही.

मंदार_कोथरूड

बेअरिंगचा मुद्दा पटला. परत मजुरी द्यावी लागली तर बचत कुठे राहिली. माझा सल्ला मागे घेतो.

असिफ_संभाजीनगर

स्पेअर पार्टच्या धंद्यात आहे, म्हणून मालाबद्दल लिहितो. गाडी कंपन्यांना क्लच पुरवणारी नावं घ्या: व्हॅलिओ, लुक, एक्सेडी. एक्सेडी म्हणजे आमच्या गावची पूर्वीची सीके डायकिन. नाहीतर मारुतीचाच डबाबंद सेट घ्या. कोणताही घेतला तरी चेसिस नंबरवरून पार्ट नंबर जुळवा. वॅगन आरमध्ये 2010 ला इंजिन बदललं, त्यामुळे "वॅगन आरचा द्या" एवढं सांगून घेतलेला सेट चुकीचा निघू शकतो. प्लेटचा व्यास आणि मधल्या स्प्लाइनचे (शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचे) दात, दोन्ही जुन्याशी मोजून बघायचे.

पुण्यात नाना पेठेत घ्यायला गेलात तर पक्कं बिल मागा. बिल द्यायला का-कू करणारा दुकानदार सोडा. डुप्लिकेट डबा हुबेहूब असतो, पण प्लेट हातात घेतली की फरक दिसतो: रिबिटी वाकड्यातिकड्या, अस्तराच्या (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराच्या) कडा भुसभुशीत, डॅम्परच्या स्प्रिंगा हाताने खुळखुळतात.

जुन्या प्लेटला नवीन अस्तर रिबिटून देणारे कारागीर अजूनही आहेत. ट्रक-ट्रॅक्टरला लोक ते करून घेतात. कारच्या प्लेटला करू नका. मधल्या स्प्रिंगा आणि स्प्लाइन जुन्याच राहतात आणि गाडी उचलताना थरथरते.

डॉ_मीनल

एक विनंती सगळ्यांना, विशेषतः जे स्वतः गॅरेजमध्ये उभं राहून काम करून घेतात त्यांना. गिअरबॉक्स उतरला की आत काळी धूळ साठलेली असते आणि मुलं कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवतात. पूर्वी क्लच आणि ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जायचं. जुन्या गाडीत कधी कोणती प्लेट टाकली गेली हे कुणाला माहीत नसतं. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले तर कॅन्सर होऊ शकतो, आणि तो कित्येक वर्षांनी उद्भवतो. अस्तर ॲस्बेस्टॉसविरहित असलं तरी ती धूळ नाकात जाणं वाईटच. हवा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मास्क लावा. त्या पोरांनाही सांगा. रोज तेच काम करणाऱ्यांच्या छातीत किती जात असेल याचा विचार करा.

तात्या_पाटण

डॉक्टर, हे कुणीतरी सांगायला पाहिजेच होतं. डेपोत आम्ही सगळे त्याच धुळीत उभे असायचो.

गिरीश_नाशिक

मीनलताई, आभार. सुमेधाताई, आता कामाच्या दिवशी कशावर लक्ष ठेवायचं ते लिहितो, कारण गिअरबॉक्स खाली असतानाच या गोष्टी स्वस्तात होतात.

क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, दोन्ही बघा. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) आत ओलं दिसलं तर बोटावर घेऊन वास घ्या. इंजिन ऑइल काळं असतं, गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास असतो. त्यावरून कोणतं सील गळतंय ते कळतं. सील काही शे रुपयांचं असतं. ते तसंच ठेवून नवा सेट टाकला तर नव्या प्लेटला तेल लागून ती पण घसरणार. तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत वापरत नाहीत, अस्तर तेल पिऊन बसतं.

प्लेट बसवताना तिची बाजू उलटी होऊ देऊ नका, फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा प्लेटवर छापलेली असते. मधे सेंटरिंगचा शाफ्ट घालूनच बोल्ट आवळायचे, तेही समोरासमोरचे, थोडे थोडे करत. स्प्लाइनवर ग्रीस अगदी पुसट. जास्त लावलं तर फिरताना उडून अस्तरावर जातं. आणि काढलेलं गिअर ऑइल परत भरू देऊ नका.

केबल बाहेर काढून हातात धरा आणि आतली तार मागेपुढे सरकवा. अडखळली किंवा टोकाशी एखादा धागा सुटलेला दिसला तर नवीन घाला.

सुमेधा_सातारा

काम झालं! दुसऱ्या गॅरेजमध्ये केलं, साताऱ्यातच. मेस्त्रींना आधीच सांगितलं की मी थांबणार आहे आणि जुने पार्ट बघणार आहे. त्यांना काही वाटलं नाही, उलट प्रत्येक गोष्ट हातात देऊन दाखवली.

जुनी प्लेट अजून माझ्यासमोर आहे. नवीन प्लेटमध्ये रिबिटीची डोकी अस्तराच्या आत खोल बसलेली दिसतात, बोट फिरवलं की खळगा लागतो. जुनीवर बोट सपाट फिरतं. दोन ठिकाणी रिबिटी चकाकतायत, म्हणजे त्या लोखंडाला घासायला लागल्याच होत्या. एका बाजूचं अस्तर तपकिरी आहे, दुसरीकडे कडेला बोटभर रुंद काळा, चकचकीत पट्टा. मेस्त्रींनी तिथे नख मारून दाखवलं, काळा चिकटा निघाला. गिरीशदादा, तुमचं सील! क्रँकचं मागचं सील पाझरत होतं. वास गंधकाचा नव्हता, इंजिन ऑइलच होतं. सील बदललं.

फ्लायव्हीलवर निळे डाग होते, फिकट. नख कुठेच अडकलं नाही. मेस्त्री म्हणाले, "याला काही करायचं नाही, पेपर मारतो." नवीन फ्लायव्हीलचा खर्च तिथेच वाचला. केबल मात्र बदलली, टोकाशी दोन तारा तुटल्या होत्या. धूळ ओल्या फडक्याने पुसायला सांगितली, त्यांनी ऐकलं.

खर्च: सेट, सील, केबल, गिअर ऑइल आणि मजुरी मिळून साडेआठ हजारांच्या आत. पेडल इतकं हलकं झालंय की बाबांना बसवून चक्कर मारली तेव्हा ते आधी पेडलकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "नवीन घेतली तेव्हा असंच होतं."

आता नवीन प्लेट कशी वापरायची? काही पथ्य?

गिरीश_नाशिक

फार छान! रिबिटी नुकत्याच लोखंडाला भिडायला लागल्या होत्या म्हणजे तुम्ही वेळेत थांबलात. मारुतीच्या प्लेटला रिबिटीच्या डोक्याची खोली अर्ध्या मिलिमीटरवर आली की ती बदलायची असते, तुमची त्याच्याही पुढे गेली होती. आणखी थोडी चालवली असती तर त्या रिबिटींनी फ्लायव्हीलवर चरे पाडले असते.

पहिले काही शे किलोमीटर अस्तर आणि लोखंड एकमेकांवर बसत असतात. या काळात पूर्ण भरलेली गाडी घाटात घालू नका, झटक्याने उचलू नका. गावातलं चालवणं उत्तम, कारण क्लच वारंवार लागतो आणि सुटतो. सुरुवातीला हलका वास आला तर घाबरू नका. पंधरा-वीस दिवसांनी फ्री प्ले पुन्हा बघा, नवीन केबल थोडी ताणली जाते आणि खेळ बदलतो. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला.

पराग_ठाणे

केबल तुटल्यावर काय करायचं तेही इथे असू दे, उपयोगी पडेल. जुन्या छोट्या गाडीत क्लच न दाबताही स्टार्टर फिरतो. समोर रस्ता मोकळा असताना इंजिन बंद, पहिला गिअर, स्टार्टर मारला की गाडी झटके देत निघते आणि इंजिन पकडतं. सावकाश सुरक्षित जागेपर्यंत न्यायची. थांबायचं असेल तर ब्रेक मारून न्यूट्रल करायचं. हा फक्त घाटाच्या धोक्याच्या वळणावरून बाजूला होण्यापुरता उपाय आहे, गर्दीत अजिबात नाही.

रोहिणी_सोलापूर

धागा वाचून विचारते. आमची 2012 ची डिझेल हॅचबॅक आहे, केबल नाही, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच. घसरत नाही, पण कालपासून पेडल खाली गेलं की हळूहळू वर येतं, आणि सकाळी पहिल्यांदा दाबलं तर जवळजवळ जमिनीला टेकतं. दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडतो. एकजण म्हणतो क्लच प्लेट गेली.

गिरीश_नाशिक

रोहिणीताई, ही प्लेट नाही. प्लेट झिजली की गाडी घसरते. पेडल खाली बसणं म्हणजे हायड्रॉलिकमध्ये गळती किंवा हवा. पेडलच्या वर, डॅशबोर्डच्या आत बोट घालून मास्टर सिलिंडरच्या (पेडलने तेल ढकलणाऱ्या पंपाच्या) मागे ओलं लागतंय का बघा, आणि खाली गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलिंडर (त्या तेलाच्या दाबाने फोर्क हलवणारा) बघा. काही गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आतच असतो, मग तेल खालून थेंब थेंब पडताना दिसतं.

सगळ्यात महत्त्वाचं: बऱ्याच गाड्यांत क्लचचं आणि ब्रेकचं तेल एकाच डब्यातून येतं. डब्यात क्लचच्या नळीचं तोंड वर असतं म्हणून ब्रेकला थोडं राखीव राहतं, पण त्या भरवशावर गाडी चालवू नका. बॉनेट उघडा, ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी बघा आणि इथे लिहा. ते तेल पत्र्यावर सांडलं तर रंग उडतो, लगेच पाण्याने धुवा.

रोहिणी_सोलापूर

बघितलं. पातळी खालच्या खुणेच्या खाली आहे, आणि पेडलच्या मागे पायपुसण्यावर तेलकट डाग आहे. गाडी हलवत नाही. मेस्त्रींना उद्या सकाळी घरीच बोलावलंय.

गिरीश_नाशिक

बरोबर केलंत. मग मास्टर सिलिंडरच दिसतोय, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. त्यांना सांगा की सिलिंडर बदलल्यावर क्लच आणि ब्रेक दोन्हींची हवा काढा, आणि डब्याच्या झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तेच नवीन, सीलबंद तेल भरा.